शेजारी हलला की

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, बेशोअर महामार्गावर, एसआरआय या संशोधन संस्थेची एक व्हॅन धावत होती. तिच्यात संगणक होता आणि माहितीची पॅकेटं पाठवणारा रेडिओ होता. ही पॅकेटं आसपासच्या टेकड्यांवर बसवलेल्या रिपीटरांवरून अर्पानेट या संगणक-जाळ्यात शिरली, उपग्रहावरून अटलांटिक ओलांडून युरोपात गेली, तिथून फिरून अमेरिकेत आली आणि लॉस एंजेलिसमधल्या एका संगणकात पोचली. वेगवेगळ्या जातींची तीन जाळी एकाच नियमावलीने जोडता येतात हे त्या दिवशी दिसलं, म्हणून इंटरनेटच्या इतिहासात त्या व्हॅनला मानाचं स्थान आहे. या प्रकरणापुरतं मात्र तिचं महत्त्व वेगळं आहे. ती उभी नव्हती, चालत होती.

हे चालणं हौसेखातर नव्हतं. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेचा होता. रॉबर्ट कान यांनी तिथे पॅकेट रेडिओचा प्रकल्प उभा केला तेव्हा त्यांच्यासमोर फिरतं सैन्य होतं. सैन्य तारा ओढत पुढे जाऊ शकत नाही आणि शत्रूच्या मुलखात मनोरेही उभारू शकत नाही. जे रेडिओ सोबत आहेत त्यांनीच एकमेकांचे निरोप पुढे ढकलायचे, एवढीच सोय उरते.

आपल्या मोबाइलशी हे ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत फोनवर बोलताना हलतो तो फक्त आपला फोन. टॉवर जागेवर असतात, त्यांना जोडणाऱ्या तारा जमिनीत असतात, आणि कोणता फोन सध्या कुठल्या टॉवरखाली आहे याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते. बिनतारी मेश जाळ्यात टॉवर आणि फोन असा भेदच नसतो. प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक यंत्र, स्वतःची पॅकेटं पाठवतो आणि दुसऱ्यांचीही पुढे नेतो. त्यातला एखादा हलला तर नुसता एक ग्राहक हलत नाही, इतरांचा रस्ताही त्याच्याबरोबर हलतो.

पॅकेट रेडिओच्या सुरुवातीच्या आराखड्यात जाळ्याचा सगळा नकाशा एका मध्यवर्ती स्थानकाकडे असे आणि तेच प्रत्येकाला मार्ग आखून देई. स्थानक बंद पडलं की सगळंच बंद. पुढे हे ज्ञान सगळ्या रेडिओंत वाटून टाकलं. दर साडेसात सेकंदांनी प्रत्येक रेडिओ आपलं अस्तित्व आणि आपल्याला ठाऊक असलेली अंतरं जाहीर करू लागला. साडेसात सेकंदांत ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सव्वाशे मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे प्रत्येक घोषणा ऐकणाऱ्याच्या हाती पडते तेव्हा ती थोडी शिळी असते आणि पुढची येईपर्यंत आणखी शिळी होत जाते. या क्षेत्रात गेल्या पन्नास वर्षांत जे काही घडलं ते मला या शिळेपणाशी केलेल्या निरनिराळ्या तडजोडींचा इतिहास वाटतं. फिरत्या जाळ्याचा पूर्ण ताजा नकाशा कुणालाच कधी मिळत नाही. आपल्या माहितीचं वय किती आणि ती किती जुनी झाल्यावर तिच्यावरचा विश्वास काढून घ्यायचा, एवढंच ठरवणं नोडच्या हातात असतं.

आधी हललं की नेमकं काय मोडतं ते पाहू. कागदावर दोन नोडांमध्ये एक रेघ काढतात: आहे किंवा नाही. रेडिओचा दुवा असा नसतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. त्या भिंतींवरून, गाड्यांवरून, झाडांवरून परतून अनेक वाटांनी पोचतात आणि कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडून काढतात. त्यामुळे अर्ध्या तरंगलांबीएवढं, म्हणजे सहा-एक सेंटिमीटर, सरकलं तरी जोरकस संकेत एकदम मरगळू शकतो. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीला सहा सेंटिमीटर जायला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. या वेगाने होणाऱ्या चढउतारांमागे मार्ग बदलत धावायचं ठरवलं तर जाळं दुसरं काहीच करू शकणार नाही. ते काम रेडिओच्या चिपवर सोडलेलं असतं. पॅकेटची पोच आली नाही की चिप ते पुन्हा पाठवते, तरी पोच आली नाही तर आणखी काही वेळा, आणि मग हात टेकते.

हे हात टेकणं फार मोलाचं असतं. शेजारी निघून गेला याची सगळ्यात ताजी बातमी तिथे मिळते, तीही मिलिसेकंदांत. पण ती मिळते फक्त त्या शेजाऱ्याकडे काही पाठवायचं असेल तर. एरवी नोडांना ठरावीक वेळाने ‘हॅलो’ म्हणत राहावं लागतं आणि हॅलो किती वेळा चुकला म्हणजे शेजारी गेला समजायचा, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. ही मुदत छोटी ठेवली तर मध्ये ट्रक आला म्हणूनही शेजारी गमावल्याची हाकाटी होते, आणि मोठी ठेवली तर निघून गेलेल्याच्या नावाने पॅकेटं टाकत राहतो. ती पॅकेटं रांगेत पुढे उभी असतात, प्रत्येकासाठी चिप पुन्हापुन्हा प्रयत्न करते, आणि जे शेजारी जागेवर आहेत त्यांचीही पॅकेटं मागे खोळंबतात.

दुवा तुटला हे कळल्यावर पुढची अडचण येते, आणि ती हवेतली नाही, हिशेबातली आहे. तीन नोड एका ओळीत घेऊ: अ, ब आणि क. प्रत्येकाकडे एक तक्ता आहे, कोण किती टप्प्यांवर याचा. ‘ब’च्या तक्त्यात क एका टप्प्यावर आहे, ‘अ’च्या तक्त्यात ‘ब’मार्फत दोन टप्प्यांवर. आता क चालत दूर गेला. ‘ब’ला कळलं की थेट दुवा संपला. तेवढ्यात ‘अ’ची नेहमीची घोषणा येते: क माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे. ही वाट आपल्यातूनच जात होती हे ‘ब’ला ठाऊक नाही. तो लिहितो: क तीन टप्प्यांवर, ‘अ’मार्फत. ‘अ’ला ‘ब’ची नवी घोषणा मिळते, तो लिहितो चार. मग ब पाच, अ सहा. दोघंही प्रामाणिक आहेत, दोघंही नियमाप्रमाणे चालले आहेत, आणि ‘क’साठी आलेलं प्रत्येक पॅकेट त्या दोघांमध्ये हेलपाटे घालत राहतं. तारांच्या जाळ्यांत यावर एक तोडगा होता: ज्याच्याकडून बातमी ऐकली त्यालाच ती परत सांगायची नाही. रेडिओवर तो लंगडा पडतो, कारण तिथे एकाचं बोलणं सगळ्याच शेजाऱ्यांच्या कानी जातं. शिवाय घोळात तीन किंवा चार नोड अडकले असतील तर तोडग्याचा तारांवरही उपयोग नसतो.

या घोळाची गाठ १९९४ साली सुटली. आयबीएममधले चार्ल्स पर्किन्स आणि त्या वेळी मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित असलेले प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही नावाची पद्धत मांडली. भागवत यांनी पुढे वाय-फायच्या सुरक्षेवर काम करणारी एअरटाइट ही कंपनी काढली आणि तिचं संशोधनाचं बरंचसं काम पुण्यात झालं. पण माझ्या मते त्यांची सगळ्यात टिकाऊ कामगिरी हा १९९४चा शोधनिबंध आहे, कारण त्यातली कल्पना आजही जवळपास प्रत्येक फिरत्या जाळ्यात कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते. कल्पना अशी: प्रत्येक मार्गाच्या नोंदीवर एक क्रमांक असेल आणि तो वाढवण्याचा हक्क फक्त त्या मार्गाच्या शेवटी असलेल्या नोडला असेल. क आपल्या प्रत्येक घोषणेबरोबर पुढचा सम क्रमांक देतो: १००, १०२, १०४. दोन नोंदींत मोठा क्रमांक जिंकतो, मग तो मार्ग लांबचा का असेना. क्रमांक सारखेच असतील तरच जवळचा मार्ग निवडायचा. आणि ‘ब’ला ‘क’चा दुवा तुटलेला दिसला तर त्याला एकच परवानगी आहे: शेवटच्या क्रमांकात एक मिळवून, म्हणजे विषम क्रमांकाने, ‘क आता पोचण्यापलीकडे’ असं जाहीर करायचं. आता ‘अ’ची ‘दोन टप्पे, क्रमांक १०४’ ही नोंद ‘ब’च्या १०५समोर आपोआप रद्द होते. क दुसऱ्या कुणाच्या शेजारी उगवला की तो १०६ म्हणतो आणि सगळे पुन्हा त्याच्या मागे वळतात.

या पद्धतीत कुठेही घड्याळ नाही. फिरत्या नोडांची घड्याळं जुळवत बसणं हा वेगळाच व्याप असतो. इथे बातमीचं वय सेकंदांत मोजलेलंच नाही. दोन बातम्यांत नवी कुठली, एवढंच ठरवलं आहे आणि ते ठरवायचा अधिकार बातमी ज्याची आहे त्यालाच दिला आहे.

तरी डीएसडीव्हीत प्रत्येकाला प्रत्येकाची खबर ठेवावी लागते, कुणाला कुणाशी बोलायचं असो वा नसो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड जॉन्सन यांनी उलट बाजूने विचार केला: मार्ग लागेल तेव्हाच शोधावा. त्यांच्या डीएसआर पद्धतीत पॅकेटच्या माथ्यावरच सगळा रस्ता लिहिलेला असतो. पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी ही गरजेपुरती शोधण्याची रीत आणि क्रमांकांची युक्ती एकत्र आणून एओडीव्ही तयार केली. २००३ साली तिचा प्रायोगिक मसुदा इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत दाखल झाला. मार्ग हवा असलेला नोड आरोळी ठोकतो, ऐकणारे ती पुढे देतात आणि ती कुठून आली तेवढं लक्षात ठेवतात. ज्याला शोधत आहेत तो, किंवा ज्याच्याकडे पुरेशी ताजी खबर आहे असा कुणी, उत्तर देतो आणि ते उत्तर त्याच पावलांनी परत येतं. आरोळी सुरुवातीलाच सगळ्या जाळ्यात पसरू देत नाहीत. जत्रेत चुकलेलं माणूस आपण आधी आसपासच्या दुकानांत विचारतो, मग पुढच्या गल्लीत, आणि अगदीच मिळालं नाही तर ध्वनिक्षेपकावरून पुकारा करतो, तसं एओडीव्हीत आधी एक टप्पा, मग तीन, मग पाच, मग सात आणि त्यानंतर संपूर्ण जाळं असा शोध वाढत जातो. मधला दुवा तुटला तर त्या मार्गावर अवलंबून असलेल्यांनाच ‘हा रस्ता बंद’ अशी सूचना मागे जाते. इतरांना त्याची कुणकुणही लागत नाही.

१९९८ साली जॉन्सन यांच्या गटाने चार पद्धती एकाच कसोटीवर घासून पाहिल्या. संगणकातल्या आभासी मैदानावर, १५०० बाय ३०० मीटरच्या पट्ट्यात, ५० नोड सेकंदाला २० मीटरपर्यंतच्या वेगाने फिरवले. हालचाल थोडी असताना डीएसडीव्ही व्यवस्थित चाललं, पण नोड सतत फिरू लागले तसं ते मागे पडलं, कारण तक्ते जुळून येण्याआधीच जुने होत होते. डीएसआर आणि एओडीव्ही यांनी बहुतेक पॅकेटं पोचवली. पुढची अनेक वर्षं याच धर्तीच्या आभासी मैदानांवर शेकडो निबंध लिहिले गेले.

त्या मैदानांतच एक खोट होती. प्रत्येक नोड यदृच्छेने एक ठिकाण आणि शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंतचा कुठलाही एक वेग निवडतो, तिथवर जातो, थोडा थांबतो, पुन्हा निवडतो, अशी सोपी कल्पना सगळे वापरत होते. २००३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की या नियमाने सरासरी वेग वेळेबरोबर घटत जातो. ज्या नोडच्या वाट्याला जवळजवळ शून्य वेग येतो तो त्याच एका प्रवासात अडकून पडतो, आणि हळूहळू असे रेंगाळणारे वाढत जातात. ‘जलद हालचालीची चाचणी’ म्हणून चालवलेला प्रयोग त्याच्या उत्तरार्धात मुळात जलद उरतच नव्हता. त्याच सुमारास डार्टमाउथच्या संशोधकांनी या क्षेत्रातली गृहीतकं यादी करून मांडली: जमीन सपाट असते, रेडिओची पोच गोल असते, मी तुला ऐकू शकतो म्हणजे तूही मला ऐकतोस, ऐकू येतं म्हणजे नीट ऐकू येतं. यातलं एकही खऱ्या जगात धडपणे टिकत नाही. सह्याद्रीच्या एखाद्या खिंडीत हातात रेडिओ घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही.

युरोपात दरम्यान दुसरा मार्ग चोखाळला जात होता. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत तयार झालेल्या ओएलएसआरमध्ये प्रत्येक नोड सगळ्या जाळ्याचा नकाशा बाळगतो. बातमी सगळ्यांनी पुढे ओरडायची गरज मात्र नसते. प्रत्येक जण शेजाऱ्यांतले मोजके निरोपे निवडतो, असे की त्यांच्यामार्फत दोन टप्प्यांवरचे सगळे गाठता यावेत. हॅलो दोन सेकंदांनी जातो आणि सहा सेकंद ऐकू न आलेला शेजारी गेला असं मानतात. सहा सेकंद म्हणजे आपल्या ताशी ६० किलोमीटरच्या गाडीसाठी शंभर मीटर.

बर्लिनच्या फ्रायफुंक या नागरी चळवळीने हीच पद्धत घरांच्या छपरांवरच्या स्वस्त राउटरांवर चालवली. राउटर शेकडोंच्या घरात गेले तसा त्या बापड्या यंत्रांना पूर्ण नकाशा पुन्हापुन्हा मोजणं झेपेना. प्रत्येकाकडचा नकाशा थोडा वेगळा, त्यामुळे पॅकेटं मध्येच गोल फिरू लागत. मग २००६च्या सुमाराला त्यांच्यातल्याच मंडळींनी नकाशाच फेकून दिला. त्यांच्या बॅटमन पद्धतीत प्रत्येक नोड साधारण सेकंदाला एक क्रमांकित चिठ्ठी सोडतो: ‘मी आहे.’ ती हातोहात पुढे जाते, काही चिठ्ठ्या वाटेत गळतात. दूरच्या एखाद्या नोडच्या चिठ्ठ्या कुठल्या शेजाऱ्याकडून सगळ्यात जास्त संख्येने पोचतात, एवढंच प्रत्येक जण मोजतो. त्या नोडकडे जायचं तर पॅकेट त्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचं. पलीकडचा रस्ता कसा आहे याची चौकशीच नाही. नोड हलला की त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूने जास्त येऊ लागतात आणि वाट आपोआप कलते. कमी माहिती बाळगून जास्त टिकाव धरण्याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

बॅटमनची सुधारित आवृत्ती २०११पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिने आणखी एक व्यावहारिक प्रश्न सोडवला. राउटर जागेवर आहेत आणि खिशात फोन घेऊन माणूस एका राउटरकडून दुसऱ्याकडे चालला आहे, हा प्रसंग खऱ्या वापरात सगळ्यात जास्त येतो. तिथे नवा राउटर जाहीर करतो की हा फोन आता माझ्याकडे, आणि जुन्यालाही कळवतो. बातमी सगळीकडे पोचेपर्यंत जुन्याकडे आलेली पॅकेटं तो नव्याकडे धाडतो. फोनचा पत्ता बदलत नाही, चालू असलेलं बोलणं तुटत नाही.

आता या सगळ्यात मला सगळ्यात बोधक वाटणारा प्रयोग सांगतो. टप्पे मोजून मार्ग निवडण्यात एक दोष आहे. कमी टप्पे म्हणजे लांब उड्या, आणि लांब उडीचा दुवा कमजोर असतो. एमआयटीच्या रूफनेट प्रकल्पातल्या संशोधकांनी २००३ साली यावर ईटीएक्स हे माप सुचवलं. प्रत्येक दुव्यावर दर सेकंदाला एक चाचणी पॅकेट पाठवायचं, गेल्या दहा सेकंदांत किती पोचली ते पाहायचं आणि त्यावरून एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल ते काढायचं. स्थिर जाळ्यात याने मोठा फायदा झाला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या रिचर्ड ड्रेव्ह्ज, जितेंद्र पाध्ये आणि ब्रायन झिल यांनी कार्यालयातल्या २३ नोडांच्या जाळ्यावर निरनिराळी मापं तपासली. नोड स्थिर असताना ईटीएक्स सरस ठरलं. मग पाठवणारा लॅपटॉप हातात घेऊन चालवत नेला, तेव्हा टप्पे मोजण्याच्या जुन्या, ढोबळ मापाने दुव्यांची प्रत मोजणाऱ्या सगळ्या मापांना मागे टाकलं. कारण साधं आहे. दहा सेकंदांची सरासरी ही दहा सेकंदांची आठवण असते. चालणाऱ्या माणसाच्या पायाखालची जागा तोवर बदललेली असते, आणि अत्यंत काळजीने मोजलेला तो आकडा मागे राहिलेल्या जागेबद्दल बोलत असतो. ढोबळ माप फक्त एवढंच विचारतं की दुवा आत्ता आहे का. अचूकतेसाठी जो वेळ लागतो तोच अचूकतेला खाऊन टाकतो. जाळ्यांच्या बाहेरही हे किती ठिकाणी खरं असेल!

हालचालीचे घाव एवढ्यावर थांबत नाहीत. इंटरनेटवरचा टीसीपी हा वाहतूक-नियम तारांच्या जगात वाढला. पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून तो थबकतो. पुन्हा हरवलं तर दुप्पट थांबतो: एक सेकंद, दोन, चार, आठ. मेशने अर्ध्या सेकंदात नवा मार्ग शोधला तरी पाठवणारा आठ सेकंदांची मुदत संपायची वाट पाहत बसलेला असू शकतो. वापरणाऱ्याला वाटतं जाळं बंद आहे. यावर मार्ग तुटल्याची स्पष्ट खबर टीसीपीला द्यावी असे उपाय सुचवले गेले, पण साऱ्या जगाने वापरात आणलेला नियम मूठभर फिरत्या जाळ्यांसाठी कोण बदलणार?

दाटी हाही प्रश्न आहे. २००७ साली ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावाच्या शाळेत आले. त्या लॅपटॉपांत मेश जाळं अंगभूत होतं. लॅपटॉप झोपलेला असला तरी त्याची रेडिओ चिप इतरांची पॅकेटं पुढे देत राहू शकत होती. गावभर विखुरलेली मुलं घरून घरी जोडली जावीत हे त्यामागचं स्वप्न होतं आणि ते सुंदर होतं. पण मुलं दिवसाचा बराच वेळ एका वर्गात एकत्र असतात. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येतं, कुणीच कुणाचं पुढे द्यायची गरज नसते, तरी सगळे आपापल्या घोषणा करत राहतात आणि हवा त्यांनीच भरून जाते. जगभरच्या मोठ्या शाळांसाठी शेवटी साधे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणंच बरं ठरलं.

तक्ता, नकाशा, मार्ग यांतलं काहीच न ठेवता भागेल का? काही प्रमाणात भागतं. २०२०पासून हौशी मंडळींत पसरलेलं मेश्टॅस्टिक हे त्याचं उदाहरण. लोरा तंत्राचे छोटे, स्वस्त रेडिओ त्यात वापरतात. भारतात ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतात. वेग सेकंदाला हजारभर बिट, म्हणजे छोटा लिखित निरोप जाईल एवढाच. इथे निरोप ऐकणारा प्रत्येक जण तो पुढे देतो, पण लगेच नाही. ज्याला संकेत क्षीण ऐकू आला तो आधी बोलतो, कारण तो बहुधा दूर असतो आणि त्याचा आवाज आणखी पुढे जाईल. जवळचे थोडे जास्त थांबतात आणि कुणी आधीच निरोप पुढे दिल्याचं ऐकलं की गप्प बसतात. मूळ ठरवणीनुसार निरोप तीन टप्पे जातो, फार तर सात करता येतात. कुणी कितीही हललं तरी बिघडायला काही नाहीच, कारण कुणी काही लक्षातच ठेवलेलं नाही. किंमत हवेत मोजावी लागते. एका निरोपासाठी सगळा परिसर बोलतो, आणि माणसं वाढली की हवा पुरत नाही. म्हणून नव्या आवृत्तीत खासगी निरोपासाठी ‘मागच्या वेळी कुणामार्फत पोचलं’ एवढं लक्षात ठेवतात, आणि ती वाट चालेनाशी झाली की पुन्हा जुन्या सार्वजनिक पुकाऱ्यावर येतात.

आतापर्यंत हालचालीला आपण शत्रू धरलं. २००० साली पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने दाखवलं होतं की स्थिर नोडांचं मेश मोठं होत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जाऊन शून्याकडे सरकतो, कारण प्रत्येकाचा बहुतेक वेळ दुसऱ्यांची पॅकेटं वाहण्यात जातो. पुढच्याच वर्षी मॅथियास ग्रोसग्लाउझर आणि डेव्हिड त्से यांनी त्याच गणितात नोडांना फिरू दिलं आणि उत्तर उलटं आलं. पॅकेट जवळच्या कुणाच्या तरी हाती द्या, तो फिरत फिरत ज्याला द्यायचं त्याच्या जवळ येईल तेव्हा देईल. टप्पे दोनच, आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेग नोड वाढले तरी टिकून राहतो. अट एकच, घाई नको. किती वेळ लागेल याची हमी नाही.

घाई नसलेली कामं जगात पुष्कळ आहेत. २००४ साली केनियातल्या म्पाला संशोधन केंद्रात प्रिन्स्टनच्या संशोधकांनी झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. एका झेब्र्याची नोंद दुसऱ्या भेटलेल्या झेब्र्याच्या पट्ट्यात उतरायची, आणि संशोधकांना सगळ्यांच्या मागे धावावं लागत नसे. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात डाकनेट प्रकल्पाने सरकारी बसवर वाय-फायचं यंत्र बसवलं. बस गावाच्या केंद्राजवळून गेली की जमिनीच्या उताऱ्यांसंबंधीच्या मागण्या तिच्यावर चढायच्या आणि तालुक्याला पोचल्या की उतरायच्या. तिथे हालचाल बंद पडली असती तर जाळंच बंद पडलं असतं.

बस आणि झेब्रा यांच्यात मात्र मोठा फरक आहे: बसला वेळापत्रक असतं. जाळ्याला त्रास वेगाचा होत नाही, अंदाज न येण्याचा होतो. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे इंटरनेट उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतात, तरी त्यांच्यातले लेसरचे दुवे आखणं हे मैदानात भटकणाऱ्या पन्नास माणसांपेक्षा सोपं, कारण कुठला उपग्रह कुठल्या क्षणी कुठे असेल हे आधीच मोजता येतं. तिथे मार्ग तुटल्यावर शोधत नाहीत. तो तुटणार त्याआधीच पुढचा तयार असतो. अंतराळयानांसाठी नासाने वापरलेल्या पद्धतीत तर मार्गामध्ये वेळही लिहिलेली असते: हे पॅकेट अमुक यानाकडे द्या, ते इतक्या वाजता तमुक यानाच्या समोर येईल.

माणसांचं चालणं या दोन्हींच्या मधलं असतं. माणसं वेळापत्रकाने चालत नाहीत आणि यदृच्छेनेही भटकत नाहीत. रोज भेटणारे रोज भेटतात, क्वचित भेटणारे क्वचित. स्वीडनच्या उत्तरेकडचे रेनडिअर पाळणारे सामी लोक कळपांमागे मुलूख बदलत राहतात. तिथे मोबाइलचे मनोरे जवळपास नव्हते, पण पदयात्री जात, हेलिकॉप्टर येत, पाहुणे येत. त्यांच्यासारख्यांना समोर ठेवून स्वीडिश संशोधकांनी प्रॉफेट नावाची पद्धत रचली आणि २०१२ साली ती इंटरनेटच्या प्रायोगिक दस्तऐवजांत आली. प्रत्येक नोड प्रत्येक ओळखीच्या नोडसाठी शून्य ते एकमधला एक आकडा ठेवतो. भेट झाली की आकडा वर उडी घेतो. भेट होत नाही तोवर तो दर ठरावीक काळाने एका गुणकाने घटत राहतो. अ वारंवार ‘ब’ला भेटतो आणि ब वारंवार ‘क’ला, तर ‘अ’च्या यादीत ‘क’चाही आकडा थोडा वाढतो. समोर आलेल्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर निरोपाची एक प्रत त्याच्याकडे द्यायची आणि आपली प्रत जवळ ठेवून चालत राहायचं.